ट्रेच्या चार बोटं बाहेर

मांजर म्हातारं झालं की घराला एक नवा आरोपी मिळतो. बारा-चौदा वर्षं ज्याने एकदाही जागा चुकवली नाही ते अचानक पायपुसण्यावर, मोरीच्या तोंडाशी, नाहीतर धुवायला टाकलेल्या कपड्यांच्या ढिगावर शू करू लागतं आणि घरातलं कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं, “मुद्दाम करतंय!” पाहुणे आले म्हणून राग, घरात बाळ आलं म्हणून मत्सर, चार दिवस गावाला गेलो म्हणून सूड. मांजर लबाड असतं हे आपण लहानपणापासून इतकं ऐकलेलं असतं की या निकालावर कुणी अपीलही करत नाही.

अपिलाला जागा आहे. मांजराच्या लेखी शू ही घाण नाहीच. तो त्याचा स्वतःचा वास आहे, ओळखीचा आणि दिलासा देणारा. तिने कुणाचा अपमान करता येतो, हा विचार माणसाचा. तरुण मांजराच्या बाबतीत ताण, दुसऱ्या मांजराशी भांडण, घरातले बदल ही कारणं खरोखरच मोठी असतात. दहा वर्षांपुढच्या मांजराचं मात्र आधी शरीर तपासायचं आणि मग स्वभावाकडे वळायचं, असा पशुवैद्यकातला शिरस्ता आहे. शू कुठे झाली, किती झाली, कशी बसून झाली, ट्रे किती लांब होता, यावरून कुठला अवयव थकलाय याचा बराच अंदाज बांधता येतो. म्हणून फडकं घेऊन धावण्याआधी अर्धा मिनिट नुसतं बघावं.

सगळ्यांत बोलका प्रकार म्हणजे ट्रेच्या कडेला लागून, चार बोटं बाहेर झालेली शू. ती कशी होते हे बघायचं तर रात्री निजानीज झाल्यावर ट्रेपासून थोडं लांब, खुर्ची टाकून बसावं. मांजर येतं, ट्रेची कड हुंगतं, थांबतं. पुढचे दोन पाय आत जातात, पुन्हा थांबतं. मग मागचा एक पाय उचलून कडेवर टेकवतं, तो घसरतो, तसं ते पाय परत घेतं. कधी दुसऱ्या प्रयत्नात सगळं अंग आत येतं, कधी येत नाही. आत आलं तरी पूर्वीसारखी गोल फेरी होत नाही, उकरणं दोन फटकाऱ्यांत आटोपतं, आणि ढुंगण नीट खाली न टेकवता अर्धवट उभ्यानेच काम होतं. धार कडेवरून बाहेर. त्याच्या हिशेबी ते ट्रेमध्येच असतं; पुढचे पाय वाळूत आहेत ना, मग झालं.

हे सांध्यांचं दुखणं आहे. अमेरिकेत २००२ साली एलिझाबेथ हार्डी आणि सहकाऱ्यांनी बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले. त्यांतल्या ९० जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झिजेच्या खुणा होत्या. एक्स-रेमधली प्रत्येक खूण दुखतेच असं नाही, पण आकडा डोळे उघडणारा आहे. कारण घरोघरी विचारलं तर या वयाच्या मांजराला संधिवात आहे असं सांगणारं माणूस क्वचित भेटतं. कुत्रा लंगडतो, मांजर बहुधा लंगडत नाही. दुखणं दोन्ही बाजूंना सारखं असलं की लंगडायचं तरी कुठल्या पायाने? ते फक्त करायच्या गोष्टी कमी करत जातं. फ्रीजवर चढणं बंद होतं, मग खिडकीत, मग पलंगावर. पाठीवरच्या, कमरेजवळच्या केसांच्या जटा होतात, कारण तिथवर वळून चाटवत नाही. नखं वाढून लादीवर टकटक वाजतात. आपण म्हणतो, वय झालं, शांत झालं.

आणखी एक बारकावा. शू ट्रेमध्ये आणि शी मात्र शेजारी, असं होत असेल तरी आधी सांध्यांकडेच बघावं. शीसाठी जास्त वेळ, पाठ वाकवून बसावं लागतं. त्यात बद्धकोष्ठ असेल तर ट्रेमध्ये बसलं की दुखतं एवढंच मांजराला कळतं, आणि मग दोष ट्रेच्या माथी येतो. पुढच्या वेळी ते दुसरी जागा शोधतं. खड्यासारखी कोरडी, बारीक शी दिसली की शरीरात पाणी कमी पडतंय असं समजावं.

इथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. मांजराचं अंग दुखतंय असं कळल्यावर प्रेमापोटी घरातली तापाची गोळी पाव तुकडा करून देणारी माणसं आहेत. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते पचवून बाहेर टाकणारं एक एन्झाइम माणसाच्या यकृतात असतं, मांजराच्या यकृतात ते जवळजवळ नाहीच; त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी नासतात, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरेशी असते. कुत्र्यासाठी लिहून दिलेलं वेदनाशामकही त्या मात्रेत चालत नाही. मांजराच्या सांधेदुखीवर औषधं आहेत, पण मूत्रपिंडं तपासून, वजन करून, डॉक्टरांनी ठरवलेली.

आता दुसरी खूण: शू मोठी, पाण्यासारखी, जवळजवळ बिनवासाची. इतकी की सकाळी स्वयंपाकघरात पाय पडल्यावर आजी ओरडते, “अगं, पाणी कुणी सांडलं इथे?” आणि सून म्हणते, “मी नाही हो आई.” दोघींचंही बरोबर असतं.

मांजराचं मूत्रपिंड हा मुळात एक चमत्कार आहे. आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातलं रानमांजर, फेलिस लिबिका. शिकारीच्या अंगातलं पाणी हेच त्याचं मुख्य पाणी. त्यामुळे मिळालेला प्रत्येक थेंब परत शोषून लघवी अतिशय दाट करायची सवय या मूत्रपिंडाला लागली. दाटपणा विशिष्ट गुरुत्वाने मोजतात. शुद्ध पाण्याचं १.००० धरलं तर निरोगी मांजराच्या लघवीचं बहुधा १.०३५ च्या वर असतं. म्हातारपणी मूत्रपिंडाचा दीर्घ आजार सुरू झाला की हा आकडा घसरत घसरत १.०१० च्या आसपास येतो. म्हणजे मूत्रपिंड पाणी वाचवण्याचं काम सोडून देतं. जेवढं आलं तेवढं बाहेर, आणि ते भरून काढायला मांजर दिवसभर भांड्याला तोंड लावून. बादलीतलं, नळाखालचं, पूजेच्या तांब्यातलंही.

यातला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मूत्रपिंडातल्या गाळण्यांना नेफ्रॉन म्हणतात. मांजराच्या प्रत्येक मूत्रपिंडात त्या दोन लाखांच्या आसपास असतात. साधारण दोन तृतीयांश निकामी झाल्या की लघवी दाट करण्याची ताकद जाते. तीन चतुर्थांश गेल्यावर कुठे रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला लागतं. म्हणजे नेहमीच्या रक्ताच्या रिपोर्टच्या कितीतरी आधी लादीवरचं थारोळं बातमी देऊन गेलेलं असतं. २०१५ पासून एसडीएमए नावाची रक्ततपासणी वापरात आली, ती क्रिएटिनिनपेक्षा लवकर सांगते. तरी लघवीच्या साध्या तपासणीचं महत्त्व कमी झालेलं नाही. दहा वर्षांपुढच्या दर तीन मांजरांत निदान एकाला हा आजार असतो, असा अंदाज दिला जातो.

घरी करता येण्यासारखी एक मोजणी आहे. सकाळी पाण्याचं भांडं मापाने भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मापायचं. दिवसाला वजनाच्या किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर पाणी जात असेल, म्हणजे चार किलोच्या मांजराला ४०० मिलिलिटर, तर ते नक्कीच जास्त आहे. कोरडे दाणे न खाता ओलं अन्न खाणारं मांजर त्याच्या निम्मं पाणी प्यायलं तरी विचारायला जावं. आणि काही झालं तरी शू कमी व्हावी म्हणून रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवू नये. हा उपाय घरगुती शहाणपण म्हणून सर्रास सांगितला जातो आणि तो क्रूर आहे. मूत्रपिंड पाणी धरत नाहीये. वरून पाणी तोडलं तर मांजर एका रात्रीत कोरडं पडतं.

मोठ्या, वारंवार शूची आणखी दोन कारणं म्हणजे थायरॉइड वाढणं आणि मधुमेह. थायरॉइडचा आजार मांजरांत पहिल्यांदा नीट वर्णन झाला तो १९७९ साली, न्यूयॉर्कमध्ये. आज वयस्क मांजरांच्या नेहमीच्या आजारांत तो मोडतो. मांजर खातं भरपूर आणि वजन उतरतं, रात्री घरभर ओरडत फिरतं. मधुमेहात लघवीतून साखर जाते. तेव्हा कोरड्या डागाला मुंग्या लागलेल्या दिसल्या तर आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना जो संशय आला असता तोच आपणही घ्यावा.

थोडी थोडी, पुन्हा पुन्हा, जागोजागी, क्वचित गुलाबी छटेची शू म्हणजे मूत्राशयाचं दुखणं. तरुण मांजरात याच्यामागे जंतू फार कमी वेळा सापडतात. म्हातारपणी, लघवी पातळ झाल्यावर, जंतुसंसर्ग खराच वाढतो. खडेही असू शकतात. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय आणि वाळू कोरडीच आहे, असं दिसलं तर हे प्रकरण मिटून ठेवा आणि दवाखाना गाठा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसण्याची ही वेळ नाही.

राहिलं डोकं. मांजरालाही विसरभोळेपणाचा आजार होतो. केली मॉफॅट आणि गॅरी लँड्सबर्ग यांनी २००३ साली मांडलेल्या पाहणीत ११ ते १४ वर्षांच्या मांजरांपैकी २८ टक्के आणि १५ वर्षांवरच्यांपैकी निम्म्या मांजरांच्या वागण्यात असे बदल दिसले. भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, मध्यरात्री खोलीच्या मधोमध घोगऱ्या आवाजात हाका मारणं, आणि अर्थात ट्रेची वाट विसरणं. नजर जात असेल तर तेही असंच दिसतं. मूत्रपिंड किंवा थायरॉइडच्या आजारात रक्तदाब चढून मांजर अचानक आंधळं होऊ शकतं, आणि माणसाचीच अॅम्लोडिपिनची गोळी, मांजराच्या मात्रेत, त्यावर वापरली जाते. तेव्हा विसरभोळेपणाचा शिक्का सगळ्यांत शेवटी मारावा. पण तो मारावा लागलाच तर ट्रेपाशी रात्री एक छोटा दिवा आणि फर्निचरची जागा न हलवण्याचा निश्चय, एवढ्याने बराच फरक पडतो.

औषधोपचार डॉक्टरांकडे, ट्रे मात्र सर्वस्वी आपल्या हातात असतो, आणि बाजारातला ट्रे म्हाताऱ्या मांजराच्या दृष्टीने बहुतेक वेळा चुकीचा असतो. लहान असतो, कड उंच असते, वर सुबक झाकण असतं. झाकण माणसाच्या सोयीचं. आत वास कोंडतो, आणि ज्याची पाठ वाकत नाही त्याला वाकून आत शिरावं लागतं. ट्रे मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवा, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर. एवढा मोठा ट्रे मिळत नाही म्हणून करून घ्यायचा. भांड्यांच्या दुकानात गोधड्या-चादरी ठेवायचा प्लॅस्टिकचा लांब खोका मिळतो. झाकण बाजूला ठेवायचं. एका आखूड बाजूला खालून चार बोटं सोडून रेघ मारायची, हॅक्सॉने तेवढी बाजू कापून काढायची, कापलेली धार पॉलिश पेपरने घासून तिच्यावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी दुमडून लावायची. बाकी तीन बाजू उंच राहतात, त्यामुळे उभ्याने केलेली शू आतच आपटून खाली येते. चार बोटांचीही कड चढवत नसेल तर पुढ्यात गोणपाट गुंडाळलेला पाट ठेवावा. नव्या इमारतींतल्या गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या मांजराचे मागचे पाय पसरतात. झोपायच्या जागेपासून ट्रेपर्यंत जुनी योगा मॅट किंवा सतरंजी अंथरली तर तेवढी वाट तरी खात्रीची होते.

ट्रे किती हवेत? मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, असं सगळीकडे सांगतात. वन बीएचकेमध्ये तीन ट्रे ठेवा असं सांगणाऱ्याला घर साफ करावं लागत नसावं. पण एकाच म्हाताऱ्या मांजरासाठी दोन ट्रे हा सल्ला मी सोडणार नाही: एक नेहमीच्या जागी आणि एक ते जिथे दिवसभर झोपतं तिथून दहा पावलांत. जुना ट्रे गॅलरीत असेल तर पावसाळ्यात ती गॅलरी ओली, वाऱ्याची आणि अंधारी होते, हेही धरावं. आयुष्यभर अंगणात जाणारं कोकणातलं मांजर आषाढात उंबऱ्यावर येऊन पाऊस बघतं आणि माघारी फिरून चुलीतल्या राखेत बसतं. त्याची निवड चांगली आहे. कोरडी, मऊ, उकरता येण्याजोगी, उबेला.

राखेचा हाच धागा अमेरिकेत एका मोठ्या धंद्यापर्यंत गेला. १९४७ च्या जानेवारीत मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस गावी के ड्रेपर नावाच्या बाईंची वाळू गोठली होती. मांजरासाठी राख वापरून बघितली तर घरभर काळी पावलं. त्या शेजारच्या एड लोवेकडे वाळू मागायला गेल्या. लोवेच्या घरचा धंदा भुसा आणि सांडलेलं तेल शोषून घेणाऱ्या वाळवलेल्या मातीचा. त्याने वाळूऐवजी ती माती दिली. बाई ती मागायला पुन्हा आल्या, आणि लोवेने पिशव्यांवर ‘किटी लिटर’ असं लिहून त्या विकायला काढल्या. ही हकीकत तो स्वतःच पुढे रंगवून सांगत असे. गोळे बांधणारी वाळू आली १९८४ मध्ये. टॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने त्यासाठी बेंटोनाइट वापरलं.

बेंटोनाइट आपल्याला परकं नाही. त्यात मुख्यतः माँटमोरिलोनाइट नावाचं मृदाखनिज असतं, त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं. विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीन पावसात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, ती याच कुळातल्या खनिजामुळे. कच्छमध्ये बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी आहेत, आणि तिथलं बेंटोनाइट दख्खनच्याच लाव्हा खडकाच्या विघटनातून झालेलं आहे. जी माती कपाशी पोसते तिची चुलतबहीण मांजराच्या शूचा गोळा बांधते. याच गुणामुळे ती कमोडमध्ये ओतू नये. पाईपमध्ये जाऊन फुगली की सोसायटीची सभा भरते.

म्हाताऱ्या मांजराला बारीक कणांची, बिनवासाची माती बहुधा मानवते. लाकडाच्या गोळ्या स्वस्त आणि हलक्या, पण दुखऱ्या पावलाला खड्यांसारख्या टोचतात. मोगऱ्याच्या नाहीतर लिंबाच्या वासाची वाळू माणसाने माणसासाठी काढलेली आहे. बांधकामाची रेती चाळून, धुऊन, उन्हात वाळवून वापरणारी घरं आहेत आणि त्यात काही वावगं नाही. फक्त ती सगळी बदलायची तयारी हवी. थर तीन-चार सेंटिमीटर पुरे, जास्त खोल वाळूत अशक्त पाय रुततात. मूत्रपिंडाच्या आजारात गोळे मोठे आणि पुष्कळ होतात, ट्रे दुपारपर्यंत भरतो. दिवसातून एकदा उपसण्याचा जुना नियम इथे पुरत नाही. सकाळी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी, तीनदा. बरेचसे ‘अपघात’ भरलेल्या ट्रेमुळेच होतात.

गरोदर बाईने ट्रे उपसू नये, हे खरं आहे. मांजराच्या शीतून पसरणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या जंतूंच्या भीतीने म्हातारं मांजर घराबाहेर काढावं हे मात्र खरं नाही. मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर काही आठवडे, हे जंतू शीतून टाकतं, आणि त्यांना लागण करण्याजोगं व्हायला निदान एक दिवस लागतो. रोज दुसऱ्या कुणी ट्रे साफ केला की काम भागतं.

आता पुसण्याचं. इथे आपल्या घरांतली एक पक्की सवय आड येते, ती फिनाईलची. मांजराने घाण केली की बादलीत दोन झाकणं फिनाईल, हे हात आपोआप करतात. पॅरासिटामॉल पचत नाही त्याच कारणाने फिनॉल जातीची रसायनंही मांजराला पचत नाहीत. ओल्या लादीवरून ते चालतं, मग पाय चाटतं, आणि औषध सरळ पोटात. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी बहुतेक जंतुनाशकं आणि पाइनच्या तेलाची क्लीनर याच यादीत. घरात लादी पुसायला येणाऱ्या बाई वेगळ्या असतील तर त्यांना हे नीट समजावून सांगावं. नुसतं “फिनाईल नको” म्हटलं तर त्या मालकीणबाईंना घाण चालते असं समजून दयेने थोडं टाकतातच. ब्लीचही नको: शूमधल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घसा जाळणारा वायू निघतो. अमोनियाच्या वासाची काच पुसायची द्रावणं तर मांजराला तीच जागा पुन्हा सुचवतात.

मांजराच्या शूला तो खास उग्र दर्प येतो कुठून? तिच्यात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते तयार करायला मदत करणाऱ्या प्रथिनाचा, कॉक्सिनचा, शोध जपानी संशोधकांनी लावला. फेलिनिन हवेत हळूहळू फुटतं आणि गंधकाची दर्पयुक्त संयुगं सुटत राहतात. शिवाय युरियाचा अमोनिया होतो. म्हणून ताज्या शूपेक्षा तिसऱ्या दिवसाचा डाग जास्त छळतो. साबणाने वरचं जातं, खालचं राहतं. ते फोडायला एन्झाइमचं क्लीनर हवं, किंवा एन्झाइमची कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यात. उकळत्या पाण्यात नको, एन्झाइम मरतं.

लादीवर हे सोपं आहे. खरी परीक्षा कापसाच्या गादीची. ताजी शू असेल तर जुना टॉवेल चौघडी करून तिच्यावर ठेवावा आणि त्यावर चक्क उभं राहावं. घासू नये, घासलं की ओल आडवी पसरते. टॉवेल कोरडा निघेपर्यंत बदलत राहायचं. मग जेवढी शू मुरली असेल अंदाजे तेवढंच एन्झाइमचं पाणी हळूहळू त्याच जागी जिरवायचं, कारण ते तिच्याइतकंच खोल जायला हवं. वरवर फवारा मारून उपयोग नाही. वर ओलं फडकं पसरून तासभर थांबायचं, पुन्हा टिपायचं, आणि गादी गच्चीवर. कडक ऊन असेल तर दोन दिवसांत सुटका. जुलै महिन्यात मात्र पंखा आणि नशीब. वाळलेले जुने डाग शोधायचे तर दुकानदार नोटा तपासतात तशी जांभळी बत्ती अंधारात फिरवावी, शूचे डाग फिकट पिवळे-हिरवे उजळतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला थोडा धक्का बसतो.

पुढच्या वेळेची तयारी त्याहून स्वस्त पडते. बाळंतपणानंतर माळ्यावर गेलेलं मेणकापड खाली काढावं आणि गादीच्या चादरीखाली घालावं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी औषधाच्या दुकानात अंडरपॅड मिळतात, ते ट्रेखाली आणि ट्रेभोवती अंथरावेत. चार बोटं बाहेरची शू तिथेच जिरते. मांजराला लंगोट बांधायच्या भानगडीत पडू नये. त्वचा भिजून जखमा होतात आणि ते स्वतःला चाटू शकत नाही. मागचे केस मात्र डॉक्टरांकडून आखूड करून घ्यावेत.

दवाखान्यात जाताना आठवणीवर विसंबू नये. दुधाचे आणि गॅसचे खाडे लिहायला भिंतीवर कॅलेंडर असतंच, त्याच्याच चौकोनात मांजराचं लिहावं: पाणी किती, गोळे किती, बाहेर कुठे झाली, मोठी की थेंब थेंब. डॉक्टर लघवीचा नमुना बहुधा पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातून घेतात, ऐकायला भयंकर वाटतं पण काम काही सेकंदांचं असतं आणि जंतू पाहायचे तर तोच नमुना विश्वासाचा. रक्त, लघवी, रक्तदाब, वजन, आणि पंजे-गुडघे हाताने चाचपून बघणं, एवढं दर सहा महिन्यांनी व्हावं. मूत्रपिंडाच्या आजारात काही मांजरांना घरच्या घरी कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. बाटली पडद्याच्या दांडीला टांगून, मांजराला मांडीवर घेऊन, अशी कामं निवृत्त मंडळी फार निगुतीने करतात. सलाईनच्या दिवशी शू वाढणार हे गृहीत धरून त्या रात्री एक ट्रे जास्त मांडावा.

इतकं करूनही काही मांजरांची शू आवरत नाही. अशा वेळी त्यांचा वावर पुसता येण्याजोग्या एक-दोन खोल्यांत ठेवणं यात दुष्टपणा नाही, आतल्या अंथरुणाला ऊब असली आणि माणसांचा आवाज येत असला म्हणजे झालं. मग कधीतरी घरात तो दुसरा, अवघड प्रश्न निघतो, आणि तो बहुतेक वेळा सकाळी, हातात ओलं फडकं असताना निघतो. ती वेळ त्याची नव्हे. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यक बाईंनी २००४ मध्ये एक मोजपट्टी मांडली: वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही, असा तिचा ठोकताळा. स्वच्छता त्यात सातांतली एक आहे. तिला दहापैकी दोन पडले आणि मांजर अजून उन्हाच्या कवडशापर्यंत स्वतः चालत जात असेल, वाटी चाटून पुसून ठेवत असेल, तर मेणकापडाचा दुसरा जोड विकत आणावा.